बादलीभर शिळं पाणी

गप्पी मासा गटारात जगतो आणि नळाच्या पाण्यात मरतो, हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ते पटेचना. आमच्या गावी हिवतापवाले हे मासे हौदात, डबक्यात, वापरात नसलेल्या विहिरीत आणून सोडत, डासांच्या अळ्या खातात म्हणून. हिरव्या, बुळबुळीत, वास मारणाऱ्या पाण्यात ते झुंडीने फिरताना मी कितीदा पाहिलेत. मग जे पाणी मी नातीला निर्धास्तपणे पाजते, त्याच पाण्यात हा मासा का मरावा?

नातीच्या वाढदिवसाला घरात फिशटँक आला आणि हा प्रश्न माझ्या गळ्यात पडला. मुलगा आणि सून दिवसभर कामावर, नात शाळेत. टाकी माझ्या वाट्याला. पाणी म्हटलं की मला कुणी शिकवावं अशी वेळ आजवर आली नव्हती. विहिरीवरून घागरी आणल्या, दुहेरी फडक्यातून पाणी गाळलं, पावसाळ्यात तुरटी फिरवली, लहान मुलं होती तेव्हा उकळून निववून ठेवलं. सकाळी नळाला पाणी आलं की पहिलं काम म्हणजे कालचं शिळं पाणी ओतून देणं आणि हंडा-कळशी घासून ताजं भरणं. पाणीकपात सुरू झाली की आता सगळीकडे सांगतात, पाणी शिळं होत नाही, फेकू नका. पण हाताला लागलेली सवय लवकर जात नाही.

दुकानातल्या मुलाने टाकी दिली, मासे मात्र दिले नाहीत. “काकू, मासे पुढच्या वेळी न्या. आधी पाणी मुरू द्या,” म्हणाला. मग त्याने विचारलं, “पाणी कॉर्पोरेशनचं आहे, की बोअरचं?” मी म्हटलं, दोन्ही. आम्ही पुण्यात धायरीकडे राहतो. सोसायटीच्या खालच्या टाकीत महापालिकेचं पाणी येतं, ते कमी पडलं की बोअर सुरू होतो आणि एप्रिल-मे महिन्यांत टँकर येतात. सगळं एकाच टाकीत पडतं आणि एकाच नळातून येतं. तो मुलगा क्षणभर गप्प झाला. “मग तुम्हाला दर वेळी बघूनच घालावं लागेल,” एवढंच बोलला आणि अँटिक्लोरिनची छोटी बाटली हातात ठेवली. बादली भरून दिवसभर उघडी ठेवायची, अधूनमधून ढवळायची, थेंब टाकायचे आणि मगच ते पाणी टाकीत घालायचं. म्हणजे माशांना शिळंच पाणी हवं होतं.

काय बघायचं, ते मात्र मला कळलं नव्हतं. घरी आले आणि सल्ल्यांचा पाऊस सुरू झाला. मुलगा म्हणाला, “आई, आरओचं पाणी घाल ना, त्याहून शुद्ध काय असणार?” शेजारच्या वहिनी म्हणाल्या, तांब्याच्या हंड्यात रात्रभर ठेवा, त्याने जंतू मरतात. सॅन फ्रान्सिस्कोला राहणारी भाची फोनवर म्हणाली, “मावशी, नुसतं ठेवून काही होत नाही. आमच्याकडे आठवडाभर ठेवलं तरी ते औषध पाण्यातून जात नाही.” सगळे मनापासून सांगत होते आणि एकाचंही म्हणणं दुसऱ्याशी जुळत नव्हतं. मला त्यातलं कुठलंच खोटं म्हणता येईना, खरं म्हणून धरताही येईना.

गुंता सुटला तो भावजींमुळे. माझे दीर जुन्नर तालुक्यात आमच्या गावच्या ग्रामपंचायतीत पाणीपुरवठ्याचं काम करत. विहिरीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकणं, पंप सुरू करणं, वाड्यावस्त्यांचे व्हॉल्व्ह फिरवणं आणि शेवटच्या नळाचं पाणी तपासणं, हे त्यांनी वर्षानुवर्षं केलं. दवाखान्याच्या कामासाठी ते आमच्याकडे उतरले होते. मी त्यांना बादली दाखवली आणि विचारलं, यात असं काय आहे की मासे मरतात? ते म्हणाले, “वहिनी, यात काय आहे ते डोळ्यांनी दिसत नाही. पुढच्या खेपेला ओटीची बाटली घेऊन येतो.”

आणि आणलीही. एक काचेची नळी, तिच्यावर खूण. ओटीची, म्हणजे ऑर्थोटोलिडिनची, तपकिरी बाटली आणि पिवळ्या रंगाच्या फिक्या-गडद छटा छापलेलं कार्ड. नळाचं पहिलं पाणी त्यांनी थोडा वेळ वाहू दिलं. मग खुणेपर्यंत नळी भरली, बाटलीतले थेंब टाकले, तोंडावर झाकण धरून नळी उलटी-सुलटी केली आणि खिडकीच्या उजेडात धरली. इतका वेळ नितळ असलेलं पाणी बघता बघता पिवळं झालं. मी पन्नास वर्षं ज्या पाण्याला रंग, वास, चव काही नाही असं धरून चालले होते, त्यात हा पिवळा रंग दडलेला होता. मग त्यांनी आदल्या दिवशी भरून ठेवलेल्या बादलीतलं पाणी दुसऱ्या नळीत घेतलं, तसेच थेंब टाकले. ते नितळच राहिलं. “हा रंग म्हणजे क्लोरिन,” भावजी म्हणाले. “बादलीतला उडून गेला. आणि हे तपासलेलं पाणी मोरीत ओता. टाकीत नको, झाडांनाही नको. औषध वाईट असतं.”

क्लोरिनची गोष्ट त्यांनी मला चहा निवेपर्यंत सांगितली. चांगल्या टीसीएल पावडरीत साधारण ३३ टक्के क्लोरिन असतो. पोतं उघडं किंवा ओलं राहिलं की तो उडून जातो आणि उरतो तो चुना. १,००० लिटर पाण्याला अडीच ग्रॅम पावडर हा ढोबळ हिशोब. त्यासाठी आधी विहिरीत पाणी किती हे काढायचं: विहिरीचा व्यास मोजायचा, दोरीला दगड बांधून खोली मोजायची आणि गुणाकार करायचा. पावडर टाकल्यावर अर्धा तास पाणी कुणाला सोडायचं नाही, कारण जंतू मारायला क्लोरिनला तेवढा वेळ लागतो. आणि सगळ्यात शेवटच्या नळाला दर लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरिन उरलेला असायलाच हवा. तो उरला, म्हणजे वाटेत पाइप फुटून घाण शिरली तरी तिला मारायला काहीतरी शिल्लक आहे.

“मग पावसाळ्यात जास्त का टाकता?” मी विचारलं.

“पंगतीसारखं आहे वहिनी. आधी पाहुणे जेवतात. पाण्यात गाळ, पानं, शेवाळ, जंतू, जे जे असेल ते क्लोरिन खातं. त्यांचं पोट भरल्यावर जो उरतो तोच नळाला येतो. पाहुणे वाढले की स्वयंपाक वाढवावा लागतो.”

आणि इथे माझा गटारातला गप्पी सुटला! गटारात पाहुणे इतके असतात की क्लोरिन पार संपून जातो. कुणाच्या मोरीतून थोडं नळाचं पाणी वाहत आलं तरी त्यातल्या क्लोरिनचा फडशा घाण कधीच पाडते. गप्पीला तिथे क्लोरिन भेटतच नाही. पाण्यात प्राणवायू कमी असला तरी तो अगदी वरच्या थरात तोंड लावून श्वास घेतो आणि तगून राहतो. स्वच्छ पाण्यात मात्र खायला कुणी नसतं. उरलेला सगळा क्लोरिन मोकळा असतो आणि माशाच्या कल्ल्यांवर जाऊन पडतो. आपण पाणी पितो तेव्हा त्यातला चिमूटभर क्लोरिन लाळेत, अन्नात, पोटात जिरून जातो. माशाच्या कल्ल्यांत रक्त आणि पाणी यांच्यामध्ये अतिशय पातळ पडदा असतो आणि क्लोरिन तो भाजून काढतो. मासा मग पाण्यात असूनही गुदमरतो. जो ०.२ मिलिग्रॅम माझ्या नातीला आजारापासून वाचवतो, तोच तिच्या माशाला जीवघेणा ठरू शकतो.

एक गोष्ट मला इथे मनापासून सांगायची आहे. मासे पाळणारे काही जण क्लोरिनबद्दल असं बोलतात की महापालिका नळातून विष सोडते. मला ते ऐकवत नाही. मी लहान असताना गावात गॅस्ट्रोची साथ आलेली मला आठवते. शाळेच्या पडवीत खाटा टाकल्या होत्या आणि सलाइनच्या बाटल्या खिडकीच्या गजांना बांधल्या होत्या. त्यानंतर विहिरीत न चुकता पावडर पडू लागली. भावजी ज्या काळजीने पावडर मोजत, ती काळजी माणसांसाठी होती. माशांसाठी वेगळी काळजी घ्यायची ती घरात, आपण. पालिकेच्या माणसाने ती घ्यावी अशी अपेक्षाच चुकीची आहे.

आता सल्ले एकेक करून तपासता आले. भाचीचं खरं होतं, पण तिच्या गावापुरतं. सॅन फ्रान्सिस्कोच्या पाण्यात २००४ सालापासून क्लोरिनऐवजी क्लोरामाइन घालतात. क्लोरिन आणि अमोनिया यांच्यापासून ते बनतं, पाइपांतून लांबवर टिकतं आणि उघडं ठेवून काही सहजी उडत नाही. थेंबांनी त्यातला क्लोरिन मोडतो, पण अमोनिया मागे राहतो, म्हणून तिला वेगळं औषध लागतं. आमच्याकडे धरणाचं पाणी क्लोरिननेच शुद्ध होतं, त्यामुळे बादली उघडी ठेवण्याला इथे अर्थ आहे. हवेचा पंप लावला तर क्लोरिन आणखी लवकर जातो.

तांब्याचा हंडा मी सरळ बाजूला ठेवला. जंतूंना मारणारं तांबं शंखातल्या गोगलगाईंना आणि छोट्या कोळंबीलाही मारतं, माशांनाही सोसत नाही. तुरटीही नको. ती गाळ खाली बसवते हे खरं, पण पाण्याचा आंबटपणा रोखून धरणारा जो क्षार असतो, तो खाऊन टाकते. पुण्याच्या धरणांच्या पाण्यात तो आधीच बेताचा.

आरओचं मात्र मला जास्त वेळ पटत नव्हतं. जे पाणी माणसासाठी एवढा खर्च करून शुद्ध केलं, ते माशाला का चालू नये? कारण त्यात माशासाठी काही उरतच नाही. कॅल्शियम, मॅग्नेशियम, सामू स्थिर ठेवणारा क्षार, सगळं निघून जातं. गप्पी तर क्षाराच्या पाण्यात खुलणारा मासा. शिवाय एक बादली आरओ पाणी मिळवायला बादलीहून जास्त पाणी सांडपाण्यात जातं, तेही पाणीकपातीच्या गावात. एक गंमत मात्र कळली: आरओच्या यंत्रात पाणी पडद्यापर्यंत पोचण्याआधी कोळशाच्या फिल्टरमधून जातं, कारण क्लोरिनने तो पडदाही खराब होतो. क्लोरिनला माझे मासेच तेवढे घाबरतात असं नाही तर.

थेंबांचं गणित मला आधी सगळ्यात अवघड वाटलं. बाटलीवर बारीक अक्षरात काहीतरी लिहिलेलं, टाकी किती लिटरची ते आधी कळायला हवं. दुकानात टाक्या फुटांवर विकतात. आमची दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच, म्हणजे दोन घनफूट, म्हणजे सुमारे ५६ लिटर. खाली वाळू आणि वर मोकळी सोडलेली जागा वजा केली तर पन्नासाच्या आत. थेंबांत असतं ते सोडियम थायोसल्फेट. हे नाव मी कधी ऐकलं नव्हतं, पण त्याचं घरगुती नाव ऐकलं आणि मामांचा फोटो स्टुडिओ आठवला. हायपो! डार्करूममध्ये फोटो पक्का करायला ज्या ट्रेमध्ये बुडवत, तोच हायपो. जॉन हर्शेल यांनी १८१९ साली त्याचा चांदीचे क्षार विरघळवण्याचा गुण शोधला आणि फोटोग्राफी आली तेव्हा तो कामी आला. मामांच्या स्टुडिओत मी त्याचे पारदर्शक खडे हाताळलेत. तेच खडे क्लोरिनला क्षणात निकामी करतात, हे मला त्या वयात कुणी सांगितलं असतं तर केवढी मजा वाटली असती.

हिशोब असा: जेवढा क्लोरिन, त्याच्या साधारण सातपट वजनाचे खडे. दहा लिटरच्या बादलीत लिटरमागे १ मिलिग्रॅम क्लोरिन असला, तर सगळा मिळून १० मिलिग्रॅम, आणि त्याला ७० मिलिग्रॅम हायपो. चिमटीत धरावं इतकंही नाही. म्हणून खडे थेट टाकायचे नाहीत, पाण्यात विरघळवून मोजून घालायचे. मी आता १० ग्रॅम खडे एक लिटर पाण्यात विरघळवून ठेवते आणि बादलीला औषधाच्या छोट्या मापाने ७ मिलिलिटर घालते. दुकानातल्या तयार बाटल्यांचा जोर निरनिराळा असतो, म्हणून त्या घ्यायच्या तर बाटलीवरचं वाचूनच.

क्लोरिन कळला तेव्हा वाटलं, झालं. मुरवलेलं पाणी टाकीत गेलं, गप्पी आले, नात टाकीसमोरून हलेना. आणि मग पाणी दुधाळ झालं. क्लोरिन नाही, घाण नाही, मासे मूठभर, तरी पाणी पांढुरकं आणि मासे वर येऊन तोंड उघडझाप करत. काही गेलेही. नातीने मला विचारलं, “आजी, आता काय राहिलं करायचं?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. माझ्या हाताची सवय सांगत होती, सगळं पाणी ओतून दे, टाकी घासून काढ, वाळू धू, फिल्टरचा स्पंज नळाखाली स्वच्छ कर. दुकानातल्या मुलाला फोन केला तर तो जवळजवळ ओरडलाच, “काकू, स्पंजाला नळाचं पाणी लावू नका!”

स्पंजात जिवाणू वस्तीला येत होते आणि मासे जगणार होते ते त्यांच्या जिवावर. मासे कल्ल्यांवाटे पाण्यात अमोनिया सोडतात. खाऊन उरलेल्या दाण्यांपासूनही तो तयार होतो. नदीत तो वाहून जातो, टाकीत साचतो. जिवाणूंची एक फळी अमोनियाचं नायट्राइट करते, तेही विषारी. दुसरी फळी नायट्राइटचं नायट्रेट करते आणि ते थोडंफार साचलं तरी मासे सोसतात. रशियन शास्त्रज्ञ सर्गेई विनोग्राद्स्की यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हे जिवाणू वेगळे काढून दाखवले. तेव्हापासून सगळे धरून चालले होते की हे काम दोघांत वाटलेलं आहे. २०१५ साली शास्त्रज्ञांना पहिली आणि दुसरी अशी दोन्ही कामं एकटाच करणारा जिवाणू सापडला आणि त्यातला एक नमुना मत्स्यपालनाच्या फिल्टरमधून आला होता. माझ्या टाकीच्या कोपऱ्यात बुडबुडे सोडणाऱ्या त्या काळ्या स्पंजात काय काय चाललेलं असेल, या विचाराने मी कितीतरी वेळ त्याच्यासमोर बसून राहिले.

या जिवाणूंची वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. “पाणी मुरू द्या” म्हणजे नुसतं उडू द्या नव्हे, वस्ती बसू द्या, हा त्या मुलाच्या बोलण्याचा दुसरा अर्धा भाग मला तेव्हा कळला. आणि पाणी दुधाळ होणं ही त्या दिवसांतली नेहमीची गोष्ट. पाण्यात भलत्याच जिवाणूंची गर्दी माजते आणि ती आपोआप ओसरते. तेवढे दिवस खाणं अगदी थोडं टाकायचं आणि थोडं थोडं पाणी बदलायचं. सगळं पाणी ओतलं की सुरुवात पहिल्यापासून. स्पंज नळाखाली धरला की क्लोरिन जिवाणूंनाही सोडत नाही. तो टाकीतल्याच काढलेल्या पाण्यात हलका पिळायचा. शिळं पाणी ओतून द्यायचा माझा हात इथे पुन्हा आवरावा लागला. मी तो स्पंज त्या पाण्यात पिळला तेव्हा बादली चहासारखी तपकिरी झाली. एरवी मी ती बादली तीनदा विसळली असती. आता तीच बादली गॅलरीतल्या कढीपत्त्याला घालते आणि कढीपत्ता फोफावलाय.

मुरलेल्या टाकीतून थोडी वाळू किंवा वापरलेला स्पंज मिळाला तर वस्ती लवकर बसते. त्या मुलाने स्वतःच्या टाकीतला अर्धा स्पंज कापून ओल्या पिशवीत घालून दिला, पैसे घेतले नाहीत. नंतर मासे मरणं कमी होत होत थांबलं.

मग एप्रिल आला आणि टँकर.

खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर, या धरणांचं पाणी म्हणजे सह्याद्रीच्या कड्यावरून आलेला पाऊस. त्यात क्षार कमी. साबणाचा फेस भरपूर येतो, नळांवर डाग पडत नाहीत. बोअरचं पाणी काळ्या कातळाच्या भेगांतून वर्षानुवर्षं झिरपलेलं. त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम उतरलेलं असतं. गिझर खराब होतो, बादलीच्या कडेला पांढरी किनार चढते, डाळ शिजायला वेळ लावते. टँकर कुठल्या विहिरीवर भरला ते कुणालाच माहीत नसतं. मुलाने पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर आणून दिला. धरणाचं पाणी आलं की आकडा शंभराच्या खाली, बोअर-टँकरच्या दिवशी पाचशेच्या वर. (हा मीटर क्लोरिनबद्दल एक अक्षर सांगत नाही, हे नव्याने टाकी घेणाऱ्या प्रत्येकाला सांगावंसं वाटतं. पुष्कळ जण आकडा बघून निश्चिंत होतात.)

गप्पींना जड पाणी सोसतं, उलट आवडतं. त्यांना सोसत नाही ती उडी, एका दिवसात शंभरावरून पाचशेवर. माशाचं शरीर सतत आतले क्षार आणि बाहेरचे क्षार यांचा मेळ घालत असतं. बाहेरचं एकदम बदललं की तो दमतो. आणि अमोनियाचं आणखी एक कोडं इथेच सुटलं. अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो, एक निरुपद्रवी, एक विषारी. पाण्याचा सामू ७ असेल तर २५ अंश तापमानाला विषारी रूप अर्ध्या टक्क्याच्या आसपास असतं. जड पाण्याने सामू चढून ८ झाला की ते पाच टक्क्यांवर जातं. म्हणजे टाकीत अमोनिया तेवढाच, मी काहीच वाढवलेलं नाही, तरी जड पाणी पडत गेलं की त्याचं विष दसपटीपर्यंत जाऊ शकतं. टँकरच्या आठवड्यात मासे अचानक मलूल का होतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सामू आणि अमोनियाचं एक कोष्टक मिळालं, त्यावर बोट ठेवलं तेव्हा कळलं. आता त्या दिवसांत मी थोडंथोडंच बदलते, टाकीतल्या पाण्याचा दहावा भाग, आणि नातीला हव्या असलेल्या निऑन टेट्रांचा विषय पुढे ढकलत राहते. ते ॲमेझॉनच्या खोऱ्यातल्या मऊ, किंचित आंबट पाण्याचे मासे. आमच्या मे महिन्यातल्या नळाला ते झेपणार नाहीत, आणि केवळ दिसतात सुंदर म्हणून त्यांना आणायचं माझ्या जिवावर येतं.

भावजींनी ओटीची बाटली माझ्याकडेच ठेवली होती. पाणी बदलायच्या आधी बादली तपासायची, असा माझा नेम झाला. एका शनिवारी बादलीत नेहमीचा हायपो घातला, रात्रभर उघडी ठेवली आणि सकाळी नळी भरली. थेंब पडले आणि पाणी पिवळं झालं नाही, थेट नारिंगी झालं. कार्डावर त्या रंगाची छटाच नव्हती. मला वाटलं, बाटली खराब झाली. पिण्याच्या बाटलीबंद पाण्याचा एक घोट नळीत घेऊन पाहिला, ते नितळ राहिलं. मग नळाचं ताजं पाणी घेतलं. ते तर विटकरी झालं.

आदल्या दिवशी सोसायटीच्या टाक्यांची सफाई झाली होती. सफाईवाल्यांनी ब्लीचिंग पावडर घातली होती, जी घालायलाच हवी, पण ते पाणी सोडून न देता तसंच वर चढवलं होतं. बादली मी बाजूला ठेवली आणि नळी हातात धरूनच सेक्रेटरींकडे गेले. त्यांच्या घरी त्यांची आई ते पाणी पीत होती, घशाला चरचरतंय म्हणत होती. त्यांनी नळीकडे पाहिलं, मला दुसऱ्यांदा करून दाखवायला सांगितलं, त्यांच्याच नळाच्या पाण्यावर. तोच रंग. मग इतर घरी फोन गेले, की आज नळाचं पाणी पिऊ नका, स्वयंपाकाला घेऊ नका. वरच्या टाक्या रिकाम्या करून पुन्हा भरल्या. संध्याकाळी मी गच्चीवरच्या नळाचं, तळमजल्याच्या नळाचं आणि आमच्या मजल्याचं पाणी तपासलं. तिन्ही नळ्या कार्डावरच्या पहिल्या दोन छटांवर आल्या, तेव्हा पाणी सोडायला हरकत नाही असं सेक्रेटरींना सांगितलं.

त्या दिवसापासून लिफ्टमध्ये सफाईची तारीख आधी लागते आणि सफाई झाल्यावर मला बोलावणं येतं. टँकर आला की वॉचमनदादा खालूनच इंटरकॉमवर सांगतात, “काकू, आज बाहेरचं पाणी आहे.” मी मीटर घेते, आकडा वहीत लिहिते आणि त्या दिवशी टाकीला हात लावत नाही. पुढची सफाई गणपतीआधी आहे. ओटीची बाटली तळाला आली आहे. भावजींना नवी आणायला सांगून ठेवलंय, आणि या वेळी एक जास्तीची, सेक्रेटरींसाठी.